मामांची शिफारस

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी गोदामवाले मामा गाल धरून बसले होते. सोबत त्यांची सॉफ्टवेअर कंपनीतली भाची.

“मामा, उद्या विश्लेषक बाईंचा फोन येईल. कुणाचं सॉफ्टवेअर चांगलं, याचा अहवाल काढतात त्या. समाधानी ग्राहक म्हणून तुमचं नाव दिलंय.”

“माझं? अगं, तुमचं ते सॉफ्टवेअर बंद करून सहा महिने झाले!”

“म्हणजे सहा महिन्यांत काही त्रास नाही ना?”

“बंद असल्यावर कसला त्रास?”

“मग तेच सांगा. सहा महिन्यांत एकही तक्रार नाही.”

“आणि मी ते घेतलं कशाला? त्याच बाईंच्या अहवालात पहिला नंबर होता म्हणून!”

“हे तर आधी सांगा. खूश होतील.”

“कडेवर घेऊन फिरवलं तुला. चांगले पांग फेडलेस!”

“मामा, माझी नोकरी आहे हो यावर. शेवटचा प्रश्न तेवढा नीट ऐका. ‘हे सॉफ्टवेअर दुसऱ्यांना घ्यायला सांगाल का?’ दहापैकी गुण द्यायचे.”

मामांनी गालावरचा हात काढला.

“दुसऱ्यांना? दहापैकी दहा! समोरच्या गोदामवाल्याला तर आजच सांगतो. माझी गिऱ्हाइकं पळवतो लेकाचा!”