गुड्डीची चूळ

सिल्वासात दातांच्या दवाखान्याबाहेर माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. एक शाळेतली बाई, दुसरी सामरवरणीहून नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन आलेली.

"दात किडलेत का हिचे?"

"आमच्या गुड्डीची किडनी खराब आहे, बाई. पाणी दिवसाला दोनच ग्लास. मी सकाळीच बाटलीत मापून ठेवते. चूळसुद्धा भरू देत नव्हते. चोरून गिळली तर? कोरडेच दात घासायची, आता हिरड्यांतून रक्त येतं."

"मग डॉक्टर काय म्हणाले?"

"रागावले मला. तोंड साफ नसेल तर हिला जास्तच त्रास होणार, म्हणाले. अन् भरलेला ग्लास हिच्या हातात दिला. चूळ भर, म्हणाले."

"या मे महिन्यात? प्यायलीच असेल पोर."

"मलाबी तेच वाटलं. पण हिनं एकेक घोट तोंडात फिरवला अन् त्याच ग्लासात परत टाकला. ग्लास होता तेवढाच भरलेला!"

"अगं बाई! मला नसतं जमलं. पण गुड्डी, ग्लासात कशाला? समोर बेसिन होतं ना?"

"बेसिनमध्ये थुंकले असते, तर आईनं मापलं कसं असतं?"