निशाण टेकवायला सांगणारा

ऐका. आन् ती बिडी विझीव रं बाबू, डोळ्यात धूर जातोय माझ्या.

आपला हैबती हवालदार. पलटणीत वीस वर्सं काढून पेन्शनीत आलेला. त्या दिशी दिवेलागण झाल्यावर त्यो तालुक्यावरनं एकलाच निघाला. खांद्यावर भैरोबाच्या देवळातलं निशाण. आपल्या संस्थानच्या पलटणीचं, जरीच्या काठाचं.

असा अवेळी का निघाला? रागानं! तालुक्याला जुन्या हत्यारांचं प्रदर्शन भरलं, म्हून आपुन निशाण दिलं. आन् त्या शहाण्यांनी खाली पाटी काय लावावी? ‘शरण आलेल्या पलटणीचे निशाण’! आरं, शरण कोण गेलं? गावची साठ माणसं खिंडीत पडली, गोऱ्याला एकानं पाठ दावली न्हाई. शरण गेला त्यो त्या पलटणीचा सरदार. जहागिरीच्या लोभानं फुटला आन् म्हनला, निशाण खाली ठिवा. निशाणदारानं ऐकलं न्हाई. तर आपल्याच सरदारानं गोळी घातली त्येला! निशाण दुसऱ्यानं झेललं. त्यो पडला, तिसऱ्यानं झेललं. भुईला टेकलं न्हाई ते न्हाईच. म्हून आजबी आपुन ते हातातनं हातात देतो. आन् ह्ये म्हनत्यात शरण! जीभ कशी झडत न्हाई ह्यांची?

हैबतीनं पाटी फाडली, निशाण उचललं. भांडणात शेवटची एसटी गेली. मग घेतली खिंडीची वाट.

खिंडीच्या तोंडाला धोंड्यावर एक म्हातारा. “पाव्हनं, दमला असाल. टेकवा की वाईच.”

“दमलोय, पर टेकवत न्हाई,” हैबती म्हनला आन् फुडं झाला. दहा पावलं गेला, तर फुडं त्योच धोंडा! त्योच म्हातारा! “टेकवा की.” निशाणाची काठी जड झाली, कुणी मागनं लोंबकळावं तशी.

तेवढ्यात खालनं बायकोची हाक. “आवो, पोरगी हिरीत पडली! टाका ती काठी आन् धावा!” हैबती धावला. पर काठी खांद्यावरच! आन् धावता धावता ध्यानात आलं, ह्या कातळात हीर कुठली?

मग टापा वाजल्या. घोड्यावर पागोटंवाला, कमरंला तलवार. “सावधान!”

आता बघा, वीस वर्सांची सवय. टाचा आपोआप जुळल्या. छाती फुडं.

“निशाण खाली!”

आन् हात खाली यायला लागला. त्येचाच हात, पर त्येचं ऐकंना! बोटभर आला. वीतभर आला.

तवा हैबतीला असा संताप आला, असा संताप! वरडला, “कुनाचा हुकूम? नाव सांगा! बिननावाचा हुकूम मी जन्मात घेतला न्हाई!”

घोड्यावरल्यानं तोंड उघडलं. आवाज न्हाई. पुन्यांदा उघडलं. कुठला यील? त्यो फुटलेला सरदारच व्हता; गावानं त्येचं नाव टाकलं, पोराबाळांनी आडनाव बदललं. कुणी घेईनाच, तर त्यो सोताबी इसरला.

मग त्यो खाली उतरून रडायला लागला. “एकडाव टेकव रं. तुझ्यासारख्या इमानी माणसानं टेकवलं, तर मी एकला न्हाई ऱ्हानार.”

“एकलाच मर!” हैबती थुकला आन् पळत सुटला. टापा मागं, पार येशीपर्यंत. देवळात गुरवानं निशाण हातात घेतलं, तवा कुठं हैबती पडला. आठ दिस ताप.

आन् तालुक्यावरनं कागद आला म्हनं, पाटी फाडल्याबद्दल माफी मागा! माफी? त्यांनीच यावं खिंडीतनं चालत!

तुमी मातर त्या वाटंला रातचं जाऊ नगा. भूत मारतंय म्हून न्हवं. त्येला फकस्त जोडीदार पायजे. आन् दमलेल्या माणसाचा भरवसा धरू नगा पोरांनो. हैबतीसारख्या हैबतीचाबी हात वीतभर खाली आलाच व्हता.