मॉरिस गाडी चोरीस गेली नसल्याबाबत

पुरवणी जबाब
दि. ५ सप्टेंबर १९९७, वेळ दुपारी १.४०

मी, महिपती रामा खरीवले, वय ५७ वर्षे, धंदा नोकरी (धाटावला कंपनीत बॉयलरवर), राहणार वरसे, ता. रोहा, जि. रायगड. सकाळपासून ठाण्याच्या बाकावरच बसून असल्याने मला वेगळे बोलावणे धाडावे लागले नाही. विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नी सरू, वय ५१, हिच्यासह राहतो. माझ्या मालकीची मॉरिस मायनर, सन १९५४ ची, रंग पिस्ता, क्र. बीएमएक्स ४१७, ही गाडी मी १९७९ पासून रोज वापरतो. हौसेची म्हणून झाकून ठेवलेली नाही. कामावर जाणे, बाजार, भाताची पोती गिरणीत नेणे, गावातल्या सात बाळंतिणी दवाखान्यात पोचवणे, हे सर्व तिनेच केलेले आहे. तिला कोणी डबडे म्हटले तर मी ऐकून घेत नाही.

गाडीचा सेल्फ नऊ वर्षांपासून बंद आहे. त्यामुळे ती देवळासमोरच्या उतारावर तोंड खाली करून उभी असते. पहिल्या शिफ्टची पोरे धक्का देतात. जो धक्का देईल त्याला धाटावपर्यंत सीट, असा आमचा रिवाज आहे. पोरे नसली तर धक्का मी देतो आणि सरू स्टेअरिंगवर बसून क्लच सोडते. गाडी सुरू झाली की ती उतरते व मी बसतो. पहिली पन्नास पावले तिची, पुढचा रस्ता माझा. तिला तेवढेच येते असा माझा समज होता.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे, यापुढे गाडी चालवायची नाही, असे बजावले. उभी राहून ती सडलेली मला बघवली नसती, म्हणून पनवेलच्या एका गृहस्थांना विकण्याचा शब्द दिला. ते लग्नांना गाड्या पुरवतात. आज दहा वाजता ते न्यायला येणार होते. हे ठरल्यापासून सरू माझ्याशी बोलत नव्हती.

आमचा गणपतीचा पाट दरवर्षी हमरापूरला शिवा मूर्तिकाराकडे आधी नेऊन दिलेला असतो. त्याच पाटावर मूर्ती घडते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती मॉरिसच्या पुढच्या डाव्या सीटवर बसून घरी येते, आणि सरू मागे बसून दोन्ही हातांनी पाट धरते. असे अठरा गणपती आले. यंदा टेम्पोतून आणू, असे मी काल म्हणालो. तिने माझे ताट वाढले व आत निघून गेली.

आज रजा टाकली होती. साडेसहाला उठून पाहतो तर उतार मोकळा. सरू घरात नव्हती, ती देवळात असेल असे धरून चाललो. तसाच ठाण्यात येऊन चोरीचा अर्ज दिला व पनवेलच्या गृहस्थांवर संशय घेतला. तो संशय मागे घेतो. ते बिचारे दहाला घरी जाऊन मग इथे आले, माझ्या शेजारी बसून चहा प्याले व माझे सांत्वन करून परत गेले.

पुढील हकीकत पत्नीने सांगितली ती अशी. ती सहालाच स्टेअरिंगवर जाऊन बसली. कान्हू, रघू व विशाल धक्का द्यायला आले. "काकू, काका कुठं हायत?" असे कान्हूने विचारले. "झोपलेत. ढकला," असे ती म्हणाली. तिघांनी ढकलली व रिवाजाप्रमाणे आत चढून बसले. म्हणजे माझ्या चोरीला तिघांनी धक्का दिला आणि चोरीच्या गाडीत बसून ते वेळेवर कामावर गेले. कंपनीच्या गेटवर उतरताना रघू म्हणाला, "काकू, तुम्ही गियरला शिव्या देत नाय, म्हणून गाडी कशी गुमान चालते." रघूला मी बघून घेईन. हे लिहा.

तिथून ती एकटी हमरापूरला गेली. मूर्ती घेऊन परत येताना नागोठण्याच्या नाक्यावर वायरलेसवरून गाडी अडवली. तिथल्या हवालदारांनी इंजिन बंद करायला सांगितले. "देव बसलेत आत. बंद करते, पण मग धक्का तुम्हीच द्यायचा," असे ती म्हणाली. त्यांनी बंद करायला लावलेच. चौकशीनंतर चार पोलिसांनी धक्का दिला व रोहा ठाण्यात हजर व्हा म्हणून सांगितले.

तिने येथे लायसन्स दाखवले. ते खरे आहे, तीन वर्षांपूर्वीचे आहे. फोटोत ती हसते आहे. मी आवाज चढवून विचारले, हे कधी केलेस? ती म्हणाली, "पेणला सगुणाकडं पापड लाटायला जाते म्हणायचे, ते क्लासला." सगुणा माझी मेहुणी. त्या वर्षी घरात एकही पापड आला नव्हता, हे आता ध्यानात आले. मग मला सांगितलं का नाय, असे विचारले. "तुमचा डोळा चांगला होता. तुम्ही चालवताना मला मागं बसायला आवडायचं," असे ती म्हणाली. तेव्हा मला रडू आले. हेही लिहायचे का, असे साहेबांनी विचारले. लिहा म्हटले.

सबब माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. गाडी विकायची नाही. पनवेलच्या गृहस्थांची मी जाऊन माफी मागेन. गाडी ठाण्याबाहेर चालू ठेवलेली आहे, तरी लवकर आटपावे, सरू हॉर्न वाजवते आहे. मूर्ती तिने दोन लुगड्यांनी सीटला बांधून आणली, पण पुढे खड्डे आहेत व पाट धरायला माणूस लागतो. मागची सीट रिकामी आहे. मी तिथे बसतो.

जबाब मला वाचून दाखवला. इंजिनाच्या आवाजात जेवढा ऐकू आला तेवढा माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. उरलेलाही बरोबरच असेल.

सही/-
महिपती रामा खरीवले