बाई पूल ओलांडेपर्यंत

नर्सबाई : मावशी, दुसरा बूट द्या.

मावशी : कुठला बूट?

नर्सबाई : डावा. उजवा माझ्या पायात आहे आणि डाव्यावर तुम्ही बसला आहात.

मावशी : बसले असेन. म्हाताऱ्या माणसाला काय कळतं, बुडाखाली काय आहे ते.

नर्सबाई : अकराला जीप पुलापलीकडे येते. ड्रायव्हर दहा मिनिटं थांबतो, अकराव्या मिनिटाला शिव्या देतो आणि निघून जातो. माझी चार वर्षांची मुलगी वर्षभर आजीकडे आहे. उठा बघू.

मावशी : एक महिना राहा.

नर्सबाई : काल आठ दिवस म्हणत होता.

मावशी : मग आठ दिवस राहा. पाया पडते तुझ्या.

नर्सबाई : अहो, हे काय! मला काय आनंदाच्या उकळ्या फुटतायत का? तुमच्या या घरात तापात पडले होते तेव्हा तुम्ही तीन दिवस उशाशी बसलात. असं गाव मला पुन्हा मिळायचं नाही. मागच्या नर्सच्या रजिस्टरात पानोपानी फुटलेली डोकी, आणि माझ्या वर्षात एक साधी थोबाडीत नाही. मी आईला कळवलंसुद्धा, इथली माणसं म्हणजे देवमाणसं.

मावशी : देवमाणसं! बाई गं, तू शिकलेली आहेस की नुसत्या सुया टोचतेस? लोक तुला येता-जाता विचारायचे ना, कधी जाणार म्हणून?

नर्सबाई : विचारायचे. मायेने.

मावशी : कसली माया! वाट बघत होते सगळे. तू पूल ओलांडलास की माझ्या थोरल्याला मारणार आहेत.

नर्सबाई : तुमच्या मुलाला? त्या गवंड्याला? कोण मारणार?

मावशी : करवत्या. वरच्या आळीतला, लाकडं चिरणारा.

नर्सबाई : काहीतरीच. तो आत्ता माझी ट्रंक न्यायला येतोय. स्वतःहून म्हणाला.

मावशी : म्हणणारच. तुला पलीकडे पोचवल्याशिवाय त्याच्या जिवाला चैन पडेल का?

नर्सबाई : नीट सांगा. पहिल्यापासून.

मावशी : दोन वर्षं झाली. खाणीत दगडावरून वाद झाला. बघितलं तर एवढासा. थोरल्याच्या हातात घण होता, तो त्यानं करवत्याच्या धाकट्या भावाच्या डोक्यात घातला. हॉस्पिटल चार तासांवर. दुसऱ्या वळणावर पोरगा गेला. कोर्टात गावातलं एक तोंड उघडलं नाही, थोरला सुटला. मग त्यांच्या माणसांनी आधी आमच्या खिडक्या फोडल्या, मग तुझा दवाखाना. नर्स जी पळाली ती चप्पलसुद्धा न्यायला आली नाही.

नर्सबाई : आणि मग मला पाठवलं.

मावशी : आधी सरकारी साहेब नाहीच म्हणाले. मारामाऱ्या थांबल्याशिवाय नर्स मिळणार नाही म्हणाले. तेव्हा करवत्याची बायको पोटुशी होती, आधीची दोन पोरं जन्मताच गेलेली. त्यानंच सगळ्यांसमोर शब्द दिला. बाई गावात आहेत तोवर हात उचलणार नाही. बाई पुलापलीकडे गेल्या की मी मोकळा.

नर्सबाई : हे गावात किती जणांना माहीत होतं?

मावशी : कुत्र्यांनासुद्धा.

नर्सबाई : वा! आणि मी मूर्खासारखी दारोदार हसत फिरत होते. तुम्हीसुद्धा काही बोलला नाहीत, मावशी. तुम्हीसुद्धा!

मावशी : सांगितलं असतं तर तू पहिल्या आठवड्यात पळाली असतीस. वर्षभर पोरगा जिवंत दिसला मला. रागव, पण जाऊ नको.

नर्सबाई : कुठे आहे तो?

मावशी : माळ्यावर. कुलूप घातलंय. सकाळपासून वर जे आपटतंय ते उंदीर नाहीत.

नर्सबाई : पोलिसांना तरी कळवायचं!

मावशी : ते येईपर्यंत पोराच्या अंगावरची माती वाळेल.

करवत्या : येऊ का, बाई? ट्रंक बांधून झाली?

नर्सबाई : या. कुऱ्हाड कशाला आणलीत?

करवत्या : लाकडाचा माणूस मी. असते हातात.

नर्सबाई : वर्षभर तुमच्या हातात करवत बघितली. फळी चिरायला कुऱ्हाड लागत नाही.

करवत्या : म्हातारीनं सांगितलं वाटतं. बरं झालं. तुमच्याशी वर्षभर खोटं बोललो नाही, आजही बोलायचं नव्हतं.

नर्सबाई : तुमची मुलगी पायाकडून आली होती. सहा तास मी तुमच्या बायकोच्या शेजारून हलले नाही. ते याच्यासाठी?

करवत्या : म्हणून तर शब्द पाळला. एकदा हिचा थोरला खाणीच्या कडेवर बसला होता. एकटा, पाठमोरा. एक लाथ पुरली असती. तुमची आठवण झाली, परत फिरलो. घरी जाऊन करवतीचे दात घासत बसलो, बोटं सोलेपर्यंत.

नर्सबाई : मग अजून थोडं थांबा. तीन महिन्यांनी दुसरी नर्स येईल.

करवत्या : तिच्यासाठी मी शब्द दिलेला नाही. आणि किती थांबू? माझा भाऊ किती थांबला? म्हातारे, त्या दिवशी आम्ही कुणाच्या दाराशी आलो होतो? सांग बाईंना.

मावशी : तो विषय काढू नको.

करवत्या : हिच्या दाराशी, बाई. भावाला पाठीवर घेऊन चाललो होतो, त्याचं डोकं लोंबत होतं. पुलाच्या अलीकडे शेवटचं घर हिचं. खाट दे म्हटलं. नुसती खाट, आडवा करून न्यायला. हिनं आतून कडी लावली.

मावशी : मी घाबरले होते रे! माझा पोरगा आत होता. दार उघडलं असतं तर तुम्ही त्याची खांडोळी केली असतीत.

करवत्या : केली असती. पण खाट खिडकीतून देता आली असती. थोरल्यानं घण घातला तो रागात. राग मला समजतो. कडी माणूस हातानं, सावकाश लावतो. ट्रंक द्या, बाई. अकरा वाजत आले.

नर्सबाई : ट्रंकेला हात लावायचा नाही. मी जात नाही.

करवत्या : आज नाही तर उद्या जाल. तुमच्या मुलीचे कपडे आणलेत तुम्ही, माझ्या बायकोला दाखवत होता. पुलावर माझे सहा जण उभे आहेत, ते उद्याही उभे राहतील. सरका जरा, ट्रंकेची कुलपाकडची बाजू वर घेतो.

नर्सबाई : नका वाकू! मावशी, तो बत्ता खाली ठेवा. मावशी! मावशी, नाही!

मावशी : घे! माझ्या पोराला मारतोस? घे!

नर्सबाई : अरे देवा. पडला. थांबा! मागे व्हा!

मावशी : सोड मला! अजून एक घालू दे. हलतोय मेला, बघ, हलतोय!

नर्सबाई : बत्ता टाका.

मावशी : हा उठला तर माझा थोरला मेला! हो बाजूला!

नर्सबाई : मी आडवी पडलेय याच्यावर. घाला. आधी माझ्या डोक्यात घाला.

मावशी : पोरी, बाजूला हो गं, हात चुकेल माझा!

नर्सबाई : चुकू दे! द्या इकडे तो. देत नाही? मग मनगट मोडते. मोडलं तर मीच बसवेन, पण आत्ता मोडते!

मावशी : आई गं! आई गं, हात गेला!

नर्सबाई : गेला नाही, मुरगळलाय. तो टॉवेल आणा. फडकं नाही, टॉवेल! दाबा इथे. जोरात नको. हाताला मऊ लागतंय, बघितलंत? तुम्ही केलंत हे.

मावशी : किती रक्त आहे गं.

नर्सबाई : डोक्यातून असंच येतं. रक्ताला घाबरत नाही मी. डोळे उघडा. इकडे, माझ्याकडे बघा. किती बोटं?

करवत्या : तीन.

नर्सबाई : एकच आहे. डाव्या डोळ्यातली बाहुली मोठी झालीय. हे माझ्या टाक्यांचं काम नाही, आत रक्त धरायला लागलंय. पुलापलीकडे जीप येतेय ना, तिच्यातूनच न्यायचं.

करवत्या : नको. इथेच राहू द्या. मी गेलो तर... माझी माणसं सगळ्यांना एकदमच संपवतील. घरासकट.

नर्सबाई : ठाऊक आहे. म्हणून मरायचं नाही. मावशी, खाट काढा.

मावशी : कुठली?

नर्सबाई : घरात किती आहेत?

मावशी : एकच.

नर्सबाई : मग तीच. आणि माळ्याचं कुलूप उघडा. मला अजून दोन हात लागतील.

करवत्या : त्याचे नकोत. त्याचा हात नको मला.

नर्सबाई : तुमची माणसं आत बोलावली तर ती आधी म्हातारीला चिरतील आणि मग तुमच्याकडे बघतील. तोवर तुम्ही संपाल. दुसरे हात असतील तर सांगा. नाहीत ना? मग गप पडा.

मावशी : उतर रे. सावकाश उतर.

नर्सबाई : काय बघतोस? रक्त पहिल्यांदा बघतोयस का? हातातली छिन्नी टाक. टाक म्हणते! ती कुऱ्हाड पायानं खाटेखाली सार... नाही, खाट आपण नेतोय, चुलीमागे सार. पायाकडची बाजू धर. तू पुढे, मी मागे. मावशी, तुम्ही बाजूनं चालायचं आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरायचं. मान वळू द्यायची नाही.

मावशी : मी? माझा हात मुरगळलाय.

नर्सबाई : मारताना शाबूत होता. धरा.

मावशी : पुलावर ते सहा जण आहेत गं. काठ्या आहेत त्यांच्याकडे. थोरला पुढे गेला तर तिथेच आडवा करतील.

नर्सबाई : शब्द काय होता? बाई पूल ओलांडेपर्यंत. खाटेचं मागचं टोक माझ्याकडे आहे. तुमचा मुलगा पलीकडे उतरला तरी माझे पाय अलीकडेच असणार. उचला. एक, दोन, तीन.

मावशी : आले बघ पुढे. आले.

नर्सबाई : थांबायचं नाही, थोरल्या. खाली मान आणि चालत राहा. ए, काठ्या खाली करा! रस्ता द्या! हा तुमच्याच घरचा आहे, मेला तर तुमच्यामुळे मरेल!

करवत्या : बाजूला व्हा रे. ट्रंक पडली माझ्या डोक्यावर.

मावशी : काय म्हणाला?

करवत्या : हो, ट्रंक. वरून पडली. बहिरे झालात का सगळे? याला हात लावायचा नाही. बाई अजून अलीकडे आहेत. डोळे फुटले काय तुमचे, दिसत नाहीत का त्यांचे पाय?

नर्सबाई : बोलू नका जास्त.

करवत्या : बाई, टाके काढायला मला परत आणणार ना? तुम्हीच?

नर्सबाई : टाके तिथेही काढतात.

करवत्या : मला तुमच्याकडून काढायचेत. तुम्ही येणार असाल तर तुम्ही गेलात असं मी धरत नाही. ही माणसंही धरणार नाहीत. लवकर सांगा, ते ऐकतायत.

नर्सबाई : माझी मुलगी वाट बघतेय हो.

करवत्या : सांगा.

नर्सबाई : येईन. तिला घेऊन येईन, पण येईन. आता झालं समाधान? जाऊ द्या. थोरल्या, तू मागच्या फळीवर चढ, गावात थांबायचं नाही. मावशी, आत बसा. पाय पसरा, त्याचं डोकं मांडीवर घ्या. ड्रायव्हर, शिव्या नंतर द्या, गाडी काढा आणि प्रत्येक खड्ड्याला ब्रेक लावा.

(जीप निघते.)

मावशी : हा डोळे मिटतोय गं.

नर्सबाई : मिटू देऊ नका. माझे दोन्ही हात या पट्टीवर आहेत. तुम्ही बोलत राहा त्याच्याशी.

मावशी : काय बोलू मी याच्याशी?

नर्सबाई : काहीही. शिव्या द्या हवं तर.

मावशी : शिव्या संपल्या.

करवत्या : दुसरं वळण आलं का?

नर्सबाई : अजून नाही.

करवत्या : आलं की सांगू नका.

मावशी : ए. इकडे बघ. मिटू नको म्हणते ना. बोल काहीतरी. तुझ्या पोरीला दात आले का रे?

करवत्या : दोन.

मावशी : खालचे?

करवत्या : खालचे. चावते फार.