साडेसहा तास थांबलेली बोट

आइलर्ट : ...म्हणजे बघ तूरिड, संगणकात उभारलेल्या आमच्या बंदरात वेळ आपल्यासारखी टिकटिकत नाही. ती उडी मारते. बोट आली, की उडी. बोट रिकामी झाली, की उडी. मधल्या वेळात सगळं बंदर झोपलेलं.

तूरिड : पप्पा, वॉफल गार होतंय. चीज घाल त्यावर.

आइलर्ट : तपकिरी आहे का?

तूरिड : दुसरं कधी खाल्लंयस तू?

आइलर्ट : बुधवारी आमच्या संगणक केंद्राच्या वाढदिवसाला हेच बोलणार आहे. ऐकायला सगळी पोरं, मोबाइल चाळत बसणारी. त्यांना वाटतं, हे असं पहिल्यापासूनच होतं. अगं, आमच्याआधी प्रोग्रॅम म्हणजे नुसती हुकमांची यादी. हे कर, मग ते कर. आम्ही म्हटलं, बोटीला बोटच राहू द्या. तिचा माल तिच्यापाशी, तिचं वजन तिच्यापाशी. कधी यायचं, कुणासाठी थांबायचं, तेही तिलाच ठाऊक. साचा एकच, पण त्यातून निघालेल्या हजार बोटी हजार तऱ्हेच्या.

तूरिड : चौऱ्याऐंशी झाली तरी तुझी बोटींची बारशी संपेनात.

आइलर्ट : हस तू. पण मी शेवट तुझ्या बोटीने करणार आहे.

तूरिड : माझ्या?

आइलर्ट : ती कोळशाची. तुला शरदाची सुट्टी होती, नऊ वर्षांची होतीस. बोटींच्या वेळा टिपायला मी तुला धक्क्यावर नेलं होतं. वारा चावत होता म्हणून आपण गोदामाच्या आडोशाला बसलो. मी वहीत खरडत होतो, आणि तू कोपऱ्यापर्यंत पळत जाऊन बघून यायचीस, गेली का म्हणून. आठला लागली, अडीचला सुटली. बाकीच्या सगळ्या साडेतीन-चार तासांत मोकळ्या. ही साडेसहा तास.

तूरिड : काल काय जेवलास ते आठवत नाही तुला.

आइलर्ट : काल काही घडलंच नाही, तर वेळेने उडी मारली. केंद्रात सगळे म्हणाले, ही नोंद चुकलीय, काढून टाक, सरासरी बिघडते. माझ्या नोंदींची कार्डं पाडणाऱ्या हालडिसने तर अबोला धरला. मी म्हटलं, काढणार नाही. तिची स्वतःची काहीतरी गोष्ट असेल, आपल्याला ठाऊक नाही इतकंच. त्या भांडणातच मला सुचलं, थांबणं आपल्या तक्त्यात कशाला, बोटीच्याच पोटात ठेवू या. पण का थांबली असेल गं ती? अठ्ठेचाळीस वर्षं विचार करतोय.

तूरिड : क्रेन बंद पडली असेल.

आइलर्ट : तू पाहिलीस, बंद पडलेली?

तूरिड : नऊ वर्षांची होते, पप्पा.

आइलर्ट : पाहिलीस का?

तूरिड : ...पाहिली असेल. माझी फेरीबोट चुकेल आता.

आइलर्ट : बुधवारच्या आत नीट आठवलं तर फोन कर. चारचौघांत काहीतरी भलतं बोलायला नको माझ्याकडून.

तूरिड : मंगळवारी करते.

आइलर्ट : या उन्हात डोळे मिटतात बघ आपोआप. फ्योर्डचं पाणी दिसत राहतं तरी. जाताना दार हळू ओढ.

(नऊ दिवसांनी. स्मशानभूमीतलं लहानसं प्रार्थनाघर, माणसं यायच्या आधी. पांढऱ्या शवपेटीपाशी तूरिड, आणि काठी टेकत आलेली हालडिस.)

हालडिस : उभी का? बस. यंत्राच्या कार्डांना भोकं पाडत पंचवीस वर्षं बसले मी, बसण्यात वाईट काही नाही.

तूरिड : तू फार लवकर आलीस, हालडिस.

हालडिस : तुझ्या बापाने एक बैठक वेळेवर गाठली नाही आयुष्यात. आज पहिल्यांदा माझ्याआधी येऊन पडलाय.

तूरिड : सोमवारी सकाळी शेजारणीला खुर्चीतच सापडला. मी मंगळवारी फोन करणार होते त्याला.

हालडिस : बुधवारी त्याचं भाषण मी वाचलं. अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ. शेवटी तुझी बोट आली आणि पोरांनी मोबाइल खाली ठेवले, खोटं नाही सांगत.

तूरिड : ती बोट खोटी आहे.

हालडिस : काय?

तूरिड : बोट साडेअकराला गेली होती. मी त्याला अडीच सांगितले.

हालडिस : तीन आठवडे अबोला धरला होता मी त्या बोटीवरून. म्हणजे माझंच बरोबर होतं.

तूरिड : हो.

हालडिस : आणि हे मला कळायला त्याला मरावं लागलं. लबाड गं तू. का केलंस पण?

तूरिड : त्याने रविवारी विचारलं. तेव्हाही मी क्रेन बंद पडली म्हणाले.

हालडिस : मी विचारतेय, का केलंस.

(तूरिड शवपेटीकडे वळते.)

हालडिस : राहू दे. मला नकोच सांगूस. विचारलं त्याने होतं.

तूरिड : त्याला आता काय ऐकू येणार?

हालडिस : हातात वही असली की तेव्हा तरी कुठे यायचं? सांग तू. मी दारात उभी राहते. काठी आहे माझ्याकडे, कुणी आत येत नाही.

तूरिड : ...पप्पा.

क्रेन चालू होती. बोट साडेअकराला गेली, धूर सोडत, आणि मी कोपऱ्यावरून बघत होते. गेली म्हटलं असतं तर तू वही मिटली असतीस, की आपण ट्रामने घरी. आणि मला दारात सोडून, कोटसुद्धा न काढता, तू परत केंद्रात. रोजच्यासारखा. म्हणून मी आणखी तीन तास पळत राहिले. तू विचारायचास, गेली का. मी म्हणायचे, अजून नाही.

रविवारी सांगणार होते. या वयात लाज वाटली.

बोटीची काही गोष्ट नव्हती, पप्पा. मला तू हवा होतास. मी रिकाम्या धक्क्याकडे बघून यायचे, आणि तू मान वर न करता सरकून मला जागा करून द्यायचास.