गुरुजी, आ करा

नव्या गुरुजींना प्रार्थनामंदिरात रुजू व्हायला अजून दोन दिवस होते. त्यामुळे दाताच्या दवाखान्यात गालाला रुमाल लावून बसलेल्या त्यांना शेजारच्या दोघींनी ओळखलं नाही.

"आधीचे गुरुजी गेले म्हणे."

"गेले?"

"अगं, जिवंत आहेत. नोकरी सोडली. विमा विकतात आता. वजनही वाढलंय."

"इथे काय कमी होतं त्यांना?"

"झोप लागत नव्हती म्हणे."

"मग बोलायचं ना कुणाशी तरी. मला झोप नाही लागली की मी सरळ त्यांनाच फोन लावायचे."

"मीपण. सुनेचं सगळं त्यांच्याच कानावर घालायचे. निमूट ऐकायचे बिचारे."

"नवे जरा टिकाऊ निघाले म्हणजे मिळवलं."

"हो ना. माझं सुनेचं अर्धंच सांगून झालंय."

गुरुजींनी रुमाल डोळ्यांपर्यंत ओढला. तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

डॉक्टरांनी दाढा पाहिल्या. "झोपेत दात खाता तुम्ही. पार झिजवून टाकलेत. काम काय करता?"

गुरुजींनी हळूच सांगितलं.

"अरे वा." डॉक्टरांनी दार लोटलं, स्टूल जवळ ओढलं आणि गुरुजींच्या तोंडात कापसाचे बोळे कोंबले. "मोठा आ करा. तर काय झालंय गुरुजी, आमची ही माझ्याशी बोलतच नाही."