राष्ट्रप्रमुखांच्या खिशातली किल्ली

…म्हणजे झालं? एवढंच? अहो, देशाचा राष्ट्रप्रमुख लबाड आहे की नाही हे ठरवायला तुम्ही पाच-पाच जण गाड्या करून आलात, आणि दोन प्रश्न विचारून पेनांना टोपणं लावताय? 'किल्ली भेट घेतलीत का?' घेतली. 'दुकानाची फीत कापलीत का?' कापली. की लागलात उठायला! अहो, पोराचं लग्न जमवतानासुद्धा माणसं याच्याहून जास्त खोदून विचारतात. बसा हो, घाई काय आहे! अध्यक्षबाई, तुम्ही तरी बसा. चहा मागवलाय. तुमच्या नियमात बसतो ना चहा? बसतो? मग तुम्ही का उभ्या?

तुम्हाला सांगतो, नियमांबद्दल माझं काहीएक म्हणणं नाही. हवेतच नियम! माझ्या आधीचे जे होते, त्यांच्या जावयाला बंदराचं कंत्राट, मेहुण्याला पुलाचं, आणि विचारायला गेलं की काय म्हणायचे? 'मला काय ठाऊक बुवा, मी तर नुसता शोभेला आहे!' अहो, शोभेला आहात म्हणूनच स्वच्छ राहा ना, दुसरं काम काय असतं तुम्हाला? तर लोक वैतागले आणि त्यांनी मला निवडून दिलं. मला! का, तर तीस वर्षं रेडिओवर हवामान सांगत होतो. 'आकाश अंशतः ढगाळ राहील…' आला ना ओळखू आवाज? अंदाज धडाधड चुकायचे, पण लोक म्हणायचे, बिचारा चुकतो, पण मुद्दाम नाही चुकत. एवढ्या भांडवलावर निवडून आलो! आणि पहिली सही कशावर ठोकली? तुमच्या ह्याच आचारसंहितेवर. भेट घेतली तर कळवायची, कोणाच्या धंद्याला हातभार लावायचा नाही, कोणाला खासगीत भेटलात तर कारण सांगायचं… टाळ्या पडल्या हो! मीही वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्या तरी मी आपला वाजवतोय.

मग रात्री पहिल्यांदा इथे जेवायला बसलो. ते टेबल पाहिलंत ना येताना? ह्या टोकाला मी, आणि मीठ त्या टोकाला. मागायचं म्हणजे ओरडायला हवं, ओरडणं पदाला शोभत नाही, आणि उठून घ्यायला गेलो तर तिघं धावत येतात, 'सर, आपण कशाला, सर!' म्हणून मी आळणी खातो. तेव्हापासून! आमची ही निवडणुकीच्या आधीच गेली, नाहीतर तिनं मला उभंच राहू दिलं नसतं. म्हणाली असती, 'घरात दोन माणसं सांभाळता येत नाहीत, निघाले देशाची शोभा वाढवायला!' एकटं वाटतं हो. सांगून टाकतो, लाजायचं काय त्यात? दिवसभर माणसांची रीघ असते, पण ती हात मिळवते, फोटो काढते आणि पुढे सरकते… तुमच्यासारखी! बसा हो, घाई काय आहे!

हां, किल्ली. किल्लीवरच येतोय. खुळखुळ्या म्हणून माझा शाळेपासूनचा मित्र. किल्ल्या करायचं दुकान आहे त्याचं, खिशात कायम जुडगे, चालला की खुळखुळ खुळखुळ, म्हणून खुळखुळ्या. तो दर गुरुवारी मागच्या फाटकानं यायचा पत्ते खेळायला. आमचे सचिव दारात उभे, अगदी खालच्या आवाजात, 'सर, भेटीचं कारण काय कळवू?' म्हटलं, पत्ते. 'तसं नाही कळवता येणार, सर. शासकीय, समारंभ, वैद्यकीय की कौटुंबिक?' आता मित्र ह्यातल्या कशात घालायचा, सांगा! तर खुळखुळ्या म्हणतो, 'वैद्यकीय लावा साहेब, ह्याचं डोकं तपासायला आलोय.' आणि त्यांनी कळवलं की हो तसं! दुसऱ्या दिवशी माझ्या तब्येतीचं पत्रक काढायची वेळ आली! काय म्हणालात, चष्मेवाले? पैसे लावून खेळायचो का? छे हो. हरणाऱ्यानं कप विसळायचे, एवढंच. आणि तो सर्रास पत्ते लपवायचा बाहीत, त्यामुळे ह्या देशाच्या राष्ट्रप्रमुखानं किती कप विसळलेत ते लिहून घ्या! भ्रष्टाचार झाला असेल तर तो असा झालाय.

तर एका गुरुवारी त्याची नजर त्या टेबलाकडे गेली. मिठाकडे गेली. हातातले पत्ते खाली ठेवले त्यानं. मग म्हणाला, 'अरे, तू इथे राहतोस, का तुला इथे ठेवलंय?' आणि जुडग्यातली एक किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. 'दुकानाच्या मागच्या खोलीची आहे. दोन स्टुलं आहेत, किटली आहे. वाटलं की यायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही, कुलूप उघडायचं आणि बसायचं.' तुम्हाला सांगतो, मला सोन्याची तलवार मिळालीय, गालिचे मिळालेत, एकांनी तर जिवंत घोडा पाठवला, ते सगळं त्याच दिवशी कळवलं. ही किल्ली नाही कळवली. विसरलो असं खोटं नाही सांगणार. कळवावंसंच वाटलं नाही. ते बाकीचं सगळं राष्ट्रप्रमुखाला आलं होतं हो, हे एवढं एक मला आलं होतं.

वापरली का? तेच तर सांगतोय, बाई, मधेच तोडू नका… नाही नाही, तोडा, तोडा! विचारा! कोणी मधे बोलत नाही माझ्या, बरं वाटतं. तर एकदा सचिवांना म्हटलं, जरा मित्राकडे जाऊन येतो. 'कार्यक्रमाचं स्वरूप काय, सर?' म्हटलं, दोन स्टुलं आणि किटली. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, कळलं त्यांना. दुपारी निघालो तर पुढे चार गाड्या, मागे चार गाड्या, गल्ली दोन्हीकडून बंद, एक कुत्रा खुळखुळ्याच्या हत्यारांचा वास घेतोय, आणि खुळखुळ्या कुठे? दोरीपलीकडे! ओळखपत्र नव्हतं त्याच्याकडे. तो ओरडतोय, 'अहो, माझं दुकान आहे ते!' आणि पोलीस म्हणतोय, 'सगळे असंच म्हणतात.' मी खिशात किल्ली घट्ट धरून मागच्या दाराशी गेलो… आणि कुलूप उघडलेलं! तपासणीसाठी आधीच उघडून ठेवलं होतं. सगळ्यांदेखत किल्ली काढून दाखवली, म्हटलं, लावा पुन्हा, मला उघडायचंय. 'सुरक्षेच्या दृष्टीनं योग्य नाही, सर.' तेवढ्यात कोणीतरी तबक पुढे केलं, तबकात कात्री, दाराला फीत. स्वरूप कळलं नव्हतं त्यांना, मग नेहमीचंच स्वरूप देऊन टाकलं! आणि माझा हात, सवयीचा गुलाम, गेला पुढे. कच्च! चाळीस वर्षं चालू असलेल्या दुकानाचं मी उद्घाटन केलं हो! टाळ्या. फोटो. चला सर, पुढचा कार्यक्रम आहे. खुळखुळ्यानं दोरीपलीकडून हात केला, मीही केला. लोकांना वाटलं, त्यांना केला.

झालं! 'राष्ट्रप्रमुखांनी खासगी दुकानाची जाहिरात केली', 'राष्ट्रप्रमुखांकडे गुप्त किल्ली', 'कोणत्या बंगल्याची?' आणि तिकडे त्या बिचाऱ्याच्या दुकानात ही झुंबड! त्याचा फोन आला. म्हणाला, 'अरे बाबा, माणसं कुलूप घेऊन येत नाहीत आता, अर्ज घेऊन येतात. साहेबांना सांगून पोराला चिकटवा, साहेबांना सांगून बदली करा… मला माझ्या किल्ल्या करू दे रे. तुझी मुदत संपली की ये, पत्ते पिसून ठेवतो.' तेव्हापासून गुरुवार कोरडा. मी त्याला दोष देत नाही. खरंतर त्यानंच नियम पाळला हो! माझ्या ओळखीवर एक पोरगं चिकटवलं नाही त्यानं. आधीच्यांच्या जावयाला हे जमलं असतं का?

काय कुजबुजताय? निर्णय इथेच देणार? एक मिनिट, आधी मला हे सांगा, दोषी ठरलो तर काय होतं? दर महिन्याला समितीपुढे हजर राहून खुलासा? दर महिन्याला? पाचही जण असता तुम्ही? आणि किती वेळ चालतं साधारण? …अहो, मग ठरवा ना! मी कुठे नाही म्हणतोय?

काय? किल्ली वापरलीच नाही, म्हणजे लाभ घेतला नाही, म्हणजे दोष नाही? आणि किल्ली मी ठेवू शकतो… जोवर ती वापरत नाही तोवर? म्हणजे बाई, मी त्याच्याकडे एकदाही जाऊन बसलो नाही, हाच माझा चांगुलपणा? लिहिलंतसुद्धा? आणि फितीचं काय? ताकीद! हां, ताकीद बरी. ती द्यायला याल ना पुन्हा? …टपालानं.

थांबा, थांबा, अजून आहे! परवा परदेशी पाहुण्यांच्या भाषणात मी झोपलो, चांगला घोरलो! नियमात बसतं? घोडा! त्या घोड्याशी मी रोज संध्याकाळी बोलतो, सरकारी घोडा आहे, सरकारी वेळ आहे, काहीतरी कलम असेलच! नाही? बघा तरी एकदा नीट… शेवटच्या पानावर? बसा हो, घाई काय…

बरं. बरं. निघा, अंधार पडेल. जिन्यावरचा गालिचा सरकतो, जपून उतरा. आणि या हं पुन्हा! …नाही, खरंच की. निर्दोष माणसाकडे कशाला कोण येईल!